ओली चूल

लग्न होऊन या घरात आले त्याला आता बावीस-तेवीस वर्षं होतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पहाटे अत्तींनी न्हाणीघरातून हाक दिली, "यव्वा, ओली हच्चु!" माझं माहेर चंदगडकडचं, कानडी तेव्हा कामापुरतंही येत नव्हतं. मला वाटलं, जळण ओलं निघालं म्हणून सांगताहेत. मी धावत परड्यात गेले आणि वाळलेली लाकडं कवेत घेऊन आले. अत्ती आधी गोंधळल्या, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. धारवाडकडच्या कानडीत ओली म्हणजे चूल. त्या मला चूल पेटवायला सांगत होत्या. आपल्यासारख्या दुभाषी घरांत असे घोटाळे रोजचेच. पण हा शब्द आमच्याकडे टिकला. आजही आम्ही न्हाणीच्या चुलीला 'ओली' म्हणतो आणि तिच्यात जाईल ते जळण मात्र वाळलेलंच लागतं.

स्वयंपाकाला गॅस होताच. पण आमचं घर खानापूर रस्त्याला, गावात. सहा माणसांच्या अंघोळीचं पाणी आणि रोजच्या भाकरी चुलीवर. एवढं पाणी गॅसवर तापवायचं तर सिलिंडर महिनाअखेर गाठत नाही, हे गृहिणींना वेगळं सांगायला नको.

2009 च्या पावसाळ्यात अत्तींचा खोकला हटेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विडी-तंबाखू न शिवताही ही छाती ओढणाऱ्याची झाली आहे. चाळीस वर्षांचा धूर. मला फार लागलं ते. कॉलेजात मुलींना स्त्रियांच्या आत्मचरित्रांतली चूल शिकवायची आणि घरच्या चुलीकडे पाहायचंही नाही!

त्या सुमारास आमच्या भागात गोळ्यांची शेगडी विकायला आली होती. भुसा, भुईमुगाची टरफलं, चिपाडं असा शेतातला टाकाऊ माल दाबून केलेल्या बोटभर कांड्या, त्यांना आम्ही गोळ्याच म्हणायचो. शेगडीच्या बुडाशी बॅटरीवरचा छोटा पंखा. गोळ्या भरायच्या, वरून पेटवायच्या, पंखा सुरू करायचा. पगारातून मी ती घेतली.

खोटं कशाला बोलू, जाळ म्हणावा तर तिचाच. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो. तो पुरती हवा मिळून जळला तर ज्योत होते, अर्धवट राहिला तर धूर. पंखा ती हवा मोजून द्यायचा. भांड्याच्या बुडाला काजळी नाही, डोळ्यांना पाणी नाही. अत्तींचा खोकला त्या हिवाळ्यात खरंच उतरला. त्या मात्र शेगडीला 'मिशीन'च म्हणत. "अदु नंदल्ल," ते माझं नव्हे, असं म्हणून बाजूला बसत. एकदा भरली की तासभर जळणार, मध्येच जाळ ओढून घेता येत नाही, वर चार काड्या सारता येत नाहीत. ज्या बाईनं आयुष्यभर हातानं जाळ कमी-जास्त केला, तिला बटण फिरवायचं म्हणजे काय वाटत असेल?

पुढे गोळ्यांचा भाव वाढत गेला. आपल्याकडच्या पावसात पोत्यातल्या गोळ्या ओल धरून फुगायच्या आणि भुगा व्हायचा. राखेचे खंगर जाळीत अडकायचे ते वेगळंच. आणि 2012 साली दुकानदारानं सांगून टाकलं, माल येणं बंद झालं. शेगडी धडधाकट, पण तिच्या पोटात घालायला काही नाही. लाकडाचे तुकडे घालून पाहिले, जमलं नाही. मी हट्टाला पेटले. चूल पुन्हा पेटवायची नाही म्हणजे नाही. गॅसवरच पाणी तापवू, अंघोळीला एकेकच बादली घेऊ.

श्रावणातल्या एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर मागच्या दारी, गोठ्याच्या वळचणीला तीन दगड मांडून अत्ती फुकणीनं जाळ फुंकत होत्या. जळण भिजलेलं, सगळा गोठा धुरानं भरलेला आणि त्या खोकताहेत. मला पाहताच त्यांनी फुकणी पदराआड धरली. सत्तरीकडे झुकलेली बाई, स्वतःच्या घरात, सुनेला भिऊन! मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

दिवाळीआधी आम्ही गवंड्याकडून नवी ओली बांधून घेतली, तीही अत्तींना विचारून. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं 'अस्त्र' नावाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तिथे तयार झालेली ही 'अस्त्र ओले'. तोंड बंद, खाली जाळी, तीन भांडी ओळीनं आणि शेवटी धुराडं. पहिल्यावर तवा, पुढच्या दोन्हींवर पाण्याचे हंडे. 1983 पासून सरकारनंही देशभर सुधारित चुली वाटल्या. त्यांतल्या कित्येक धुराडं तुंबल्यावर फोडून टाकल्या गेल्या. म्हणून धुराडं झाडण्याचं काम आमच्या यांच्याकडे. महिन्यातून एकदा सुंभाला काथ्याचा बोळा बांधून ते कौलांवर चढतात. (पहिल्या वेळी खालच्या वाळवणाचं काय झालं ते विचारू नका.)

खरी मेख जळणात. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचंच. जाळाची ताकद ते पाणी उडवण्यात जाते आणि धूर होतो. म्हणून संक्रांतीलाच वखारीतून बाभळीचं जळण आणतो, फोडून उन्हात टाकतो आणि मृगाच्या आत माळ्यावर चढवतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत. ही परीक्षा अत्तींची, पुस्तकातली नव्हे.

धूर गेला असं मी म्हणणार नाही. घरातला गेला, धुराड्यातून बाहेर पडतोच, आणि पेटवताना पहिली दहा मिनिटं खोलीतही येतो. त्या दहा मिनिटांसाठी अत्तींनी बाहेर बसायचं असा करार आहे. पंप त्यांना अजून लागतो, थंडीत जास्त. गोळ्यांची ती शेगडी मला मोडीत घालवली नाही. माळ्यावर, जळणाशेजारीच पडून आहे.

परवा मुलगी सुट्टीला आली. सकाळी ओसरीवरून अत्तींची हाक आली, "ओली हच्चु!" पोरगी गेली, पेटवली आणि आतून ओरडली, "अज्जी, जळण ओली आहे!"

"ओलं म्हण," अत्ती बाहेरून म्हणाल्या. तेही मराठीत.