देवडीवरचा लाजार

चित्रगुप्ताच्या वहीत पाप-पुण्याची नोंद होते, असे आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मरणोत्तर न्यायाची कल्पना आपल्याला परकी नाही. तरीही ख्रिस्ती धर्म त्या न्यायाकडे कसा पाहतो, हे समजून घेण्यासारखे आहे, असे मला वाटते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशूचा एक दृष्टान्त आहे. एक श्रीमंत रोज चैन करतो. त्याच्या दाराशी लाजार नावाचा, अंगभर फोड आलेला भिकारी पडलेला असतो. दोघेही मरतात. लाजार अब्राहामाजवळ विसावतो, श्रीमंत यातनांत पडतो. या श्रीमंताने लाजाराला छळले वा लुबाडले, असे कोठेही म्हटलेले नाही. दारातला माणूस त्याने पाहून न पाहिल्यासारखा केला, एवढाच त्याचा अपराध! कथेत त्याला नावसुद्धा नाही. नाव आहे ते भिकाऱ्याला.

लाजार दरिद्री का झाला, याचे कारण येशू देत नाही. ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून आपण पुष्कळदा जेथे थांबतो, तेथे हा दृष्टान्त आपल्यालाच विचारतो, तो पडला खरा. तुम्ही का उठला नाहीत?

परलोकीच्या न्यायाचे आश्वासन म्हणजे गरिबाला गप्प बसविण्याची गुटी, असा आक्षेप आहे. तो निराधार नाही. तसा उपयोग झालेला आहे. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायात भुकेल्याला अन्न दिले का, आजाऱ्याचा नि बंदिवानाचा समाचार घेतला का, हीच विचारणा होते. निवाडा तिकडचा, पुरावा सारा इकडचा.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. १९२१ साली कन्या मनोरमा गेली, १९२२ साली रमाबाईही गेल्या. काम मागे राहिले.

स्मशानवैराग्य घरी पोचेपर्यंत टिकत नाही, हा आपला अनुभव आहे. दृष्टान्तातील श्रीमंत आपल्या पाच भावांना सावध करण्याची विनवणी करतो; त्यांना धर्मग्रंथ पुरेत, असे उत्तर मिळते. ग्रंथ आपल्याही घरी आहेत. देवडीपर्यंत जाणे तेवढे राहिले आहे.