तीन दिवस, पाच माणसे आणि पाँडिचेरी

पुण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. पत्र तसे छोटेच आहे, पण त्यात सारे घर मावले आहे. यजमानांना वर्षभरात एकच सलग रजा मिळते, तीही शनिवार-रविवारला जोडून. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे कुरकुरणारे, पण समुद्र पाहण्याची हौस दांडगी. थोरली मुलगी जूनपासून शिक्षणासाठी परगावी जाणार आणि धाकट्या बारा वर्षांच्या मुलाला पाण्यात डुंबायचे आहे, पोहता मात्र येत नाही. "सगळे एकत्र असण्याची ही बहुधा शेवटचीच सहल. गोवा दोनदा झाला. दिवाळीच्या सुट्टीत पाँडिचेरीला जावे म्हणतो. जमेल का?" असा त्यांचा प्रश्न.

पाँडिचेरीला जरूर जा, पण दिवाळीत नको. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडची बहुतेक कुटुंबे इथेच फसतात. आपल्या हिशेबी दसरा उलटला की पाऊस संपला. पूर्व किनाऱ्याचे गणित उलटे आहे. तिथे खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही याच काळात किनाऱ्यावर धडकतात. डिसेंबर २०११ च्या अखेरीस 'ठाणे' नावाच्या वादळाने पाँडिचेरी आणि कडलूरला झोडपले होते. ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री 'फेंगल' वादळ पाँडिचेरीजवळच जमिनीवर आले आणि एका दिवसात ४५ सेंटिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. लोकांना घरांतून बाहेर काढायला लष्कर बोलवावे लागले. दर दिवाळीला असे घडते असे नाही, पण वर्षातली एकुलती एक सहल खोलीच्या खिडकीतून पाऊस बघण्यात घालवण्याची जोखीम कशाला घ्यायची?

मग कधी जावे? जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, पण अंग भाजणारे नाही. प्रजासत्ताक दिन शुक्रवारी किंवा सोमवारी येत असेल तर सोन्याहून पिवळे. फक्त मकरसंक्रांतीचा आठवडा टाळा. आपल्याकडे तो एका दिवसाचा सण, तिळगूळ दिला की झाले. तामिळ घरांत पोंगल तीन-चार दिवस चालतो आणि अवघा प्रांत सहलीला निघतो. मे महिन्याचे नाव काढू नका. दहावी-बारावी आटोपून मे महिन्यात गेलेली मंडळी दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून परत येतात.

आता प्रवास. दादरहून पुण्यामार्गे पाँडिचेरीपर्यंत थेट गाडी आहे, आठवड्यातून काही दिवस धावते. दोन रात्री आणि मधला सारा दिवस गाडीत जातो. हातात आठवडा असेल तर या गाडीसारखे सुख नाही. दशम्या बांधून घ्याव्यात, पत्ते काढावेत आणि कर्नाटक खिडकीतून बघावा. पण तीन दिवसांच्या सुट्टीत ती बसत नाही. तेव्हा शनिवारी पहाटेच्या विमानाने चेन्नई आणि तिथून मोटारीने दीडशे किलोमीटर, हाच मार्ग. साडेतीन तास धरून चाला. शुक्रवारी रात्रीचे विमान स्वस्त दिसेल, त्याच्या मोहात पडू नका. मध्यरात्री विमानतळावरून निघून सासूबाईंना पहाटे तीनला खोलीवर पोहोचवायचे आणि दुसरा दिवस सगळ्यांनी जांभया देत काढायचा, यात बचत कुठली? पाँडिचेरीलाही छोटा विमानतळ आहे, पण तिथे मोजकीच विमाने उतरतात. वेळ जुळली तर दैव समजा. बंगळूरच्या वाचकांना हे सगळे नकोच, त्यांनी सकाळी लवकर गाडी काढली की दुपारच्या जेवणाला पाँडिचेरी. गावाचे अधिकृत नाव २००६ पासून पुदुच्चेरी आहे, तिकीट काढताना तेच नाव शोधा.

राहायचे कुठे, यावर या सहलीचे निम्मे यश अवलंबून आहे. गावाच्या मधून एक जुना कालवा जातो. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्रेंचांची वस्ती होती, पलीकडे तामिळ लोकांची. समुद्राकडचा भाग म्हणजे छायाचित्रांत दिसणारी पिवळी घरे, बोगनवेलीचे झुबके आणि 'रू द्यूमा', 'रू स्युफ्राँ' असल्या नावांच्या निळ्या पाट्या. तिथली जुनी घरे आता हॉटेले झाली आहेत आणि त्यांचे दरही फ्रेंच आहेत. कालव्याच्या पलीकडे, तामिळ भागात, त्यामानाने पुष्कळ स्वस्तात नीटनेटक्या खोल्या मिळतात आणि समुद्र दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर राहतो. या भागातल्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला ओटा असतो, त्याला 'तिण्णै' म्हणतात. कोकणातली ओसरी आठवेल. तिसरा मार्ग म्हणजे अरविंद आश्रमाची अतिथिगृहे. स्वच्छ, साधी, रास्त दरांची. तिथे मद्यपान आणि धूम्रपान चालत नाही, रात्री ठरावीक वेळेला फाटक बंद होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आम्ही हीच सुचवू, मात्र जोडसुट्टीच्या जागा फार आधी भरतात. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. शेजारच्या तामिळनाडूपेक्षा इथे दारू स्वस्त म्हणून सुट्टीच्या दिवशी तरुणांची टोळकीच्या टोळकी येतात. मुलाबाळांसह जाताना खोली घेण्यापूर्वी खाली बार आहे का, हे विचारायला संकोच करू नका. रात्रीची झोप त्यावर ठरते.

आता समुद्र. आपल्या डोक्यात समुद्र म्हटला की सूर्यास्त. जुहू असो, गणपतीपुळे असो, सूर्य पाण्यात बुडतो. इथे तो पाण्यातून वर येतो. जानेवारीत साडेसहाच्या सुमारास उजाडते, आपल्यापेक्षा सुमारे अर्धा-पाऊण तास आधी, आणि संध्याकाळी सहा वाजता दिवेलागण. म्हणून या गावात उशिरा उठणाऱ्याचे नुकसान होते. किनाऱ्याचा मुख्य रस्ता सव्वा-दीड किलोमीटर लांब आहे. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत तो वाहनांना बंद असतो. सासूबाईंसाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. सपाट रस्ता, बसायला कठडे, समोर लाटा, आणि मागून हॉर्न वाजवणारे कोणी नाही.

पण या रस्त्यावरून पाण्यात उतरायचे नाही, ही गोष्ट मुलाला घरीच बजावून ठेवा. तिथे काळ्या दगडांचे ढीग टाकलेले दिसतील. पूर्वी इथे वाळू होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला बंदराचे बांध झाले, किनाऱ्याने सरकत येणारी वाळू अडली आणि गावापुढचा किनारा खचत गेला, म्हणून दगड टाकावे लागले. अलीकडे पाण्याखाली बांध घातल्यावर थोडी वाळू परतली आहे आणि तीच धोक्याची. वाळू दिसली की पोरे धावतात. बंगालच्या उपसागराचा तळ इथे चटकन खोल जातो, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, आणि सुट्टीच्या दिवसांत माणसे बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहतात. त्यांतले बहुतेक पोहायला नव्हे, नुसते पाय भिजवायला उतरलेले असतात. गावाच्या दक्षिणेला चिन्न वीरमपट्टिणम् येथे ईडन नावाचा किनारा आहे, २०२१ साली त्याला 'ब्लू फ्लॅग' हे मानांकन मिळाले. मुलाला डुंबायचे असेल तर तिथे न्या, जीवरक्षक हजर असताना, आखून दिलेल्या जागेत, गुडघाभर पाण्यात, आणि वडिलांचा हात धरून. वडिलांनी त्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवावा. चुन्नांबारहून होडीने ज्या पॅराडाइज किनाऱ्यावर नेतात तो दिसायला सुरेख, होडीची सफर तर फारच छान, पण तिथल्या लाटा जोरकस असतात. होडीसाठी जा, आंघोळीसाठी नको.

शनिवारी दुपारी पोहोचलात की काही बघायला निघू नका. जेवा, झोपा. दुपारी एक ते चार हे गावही झोपते, निम्मी दुकाने बंद असतात. संध्याकाळी किनाऱ्याचा रस्ता. तिथे गांधीजींचा मोठा पुतळा आहे, भोवती आठ कोरीव दगडी खांब. हे खांब जिंजीहून आणलेले, असे सांगतात. हे नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारले पाहिजेत.

कारण आपली जिंजी इथून फक्त सत्तर किलोमीटरवर आहे! पाँडिचेरीला जाऊन आलेली किती मराठी कुटुंबे क्रोसाँ खाऊन आणि पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढून परततात, आणि जिंजी तशीच राहते. १६७७ साली शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात हा किल्ला घेतला. त्याच वर्षी पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा वकील महाराजांच्या छावणीत गेला होता. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज वेशांतर करून शेकडो कोस दक्षिणेला आले, ते याच किल्ल्यावर. औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याने वेढा घातला, तो सुमारे आठ वर्षे रेंगाळला. १६९८ साली किल्ला पडला तेव्हा महाराज आधीच निसटले होते. स्वराज्याची राजधानी इतकी वर्षे तामिळ मुलखात होती, हे मुलांच्या पुस्तकात एका ओळीत येते. तिथे उभे राहिल्यावर ती ओळ खरी वाटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा जिंजी.

तेव्हा रविवारी कुटुंबाची दोन गटांत वाटणी करा. ही सूचना काहींना रुचणार नाही. एकत्र जायचे म्हणून गेलो आणि वेगळे फिरायचे? पण तीन टेकड्यांवर पसरलेल्या या किल्ल्यात राजगिरीची चढण आठशे फुटांची आहे, आणि ती सत्तरीच्या गुडघ्यांसाठी नाही. सासूबाईंना पायथ्याशी झाडाखाली तीन तास बसवून ठेवणे म्हणजे एकत्र असणे नव्हे. वडील आणि दोन्ही मुलांनी सहा वाजता मोटारीने निघावे, आठच्या आत चढायला लागावे, पाणी माणशी दोन लिटर, डोक्याला टोपी. वर पोहोचण्याआधी एक खोल दरड पुलावरून ओलांडावी लागते, तिथे मुलाची कळी खुलेल. माकडांना मात्र खाऊ दाखवू नका. खाली कल्याण महाल आणि धान्याची कोठारे पाहून दीड-दोनपर्यंत परत.

तेवढ्यात सासूसुनांनी सावकाश मनकुळ विनायगराचे दर्शन घ्यावे. फ्रेंच येण्याआधीपासूनचा हा गणपती, कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला अजून ठाण मांडून आहे. तिथून काही पावलांवर अरविंद आश्रम. फुलांनी झाकलेली समाधी, निःशब्द अंगण, अर्धा तास बसावे. योगी अरविंद १९१० साली इथे आले, पण त्याआधी १८९३ ते १९०६ ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते आणि ध्यानाची महत्त्वाची दीक्षा त्यांना विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याकडून मिळाली. बडोदेकर वाचकांना हे सांगायला नको. जवळच आश्रमाच्या हातकागदाच्या वस्तू मिळतात, भेट म्हणून न्यायला हलक्या आणि न फुटणाऱ्या. केळीच्या पानावरचे जेवण सासूबाईंना आवडेल, पोळीचा आग्रह मात्र तीन दिवस सोडावा. दुपारी सगळे झोपून उठले की ईडन किनारा.

राहता राहिले ऑरोव्हिल. १९६८ साली वसवलेले हे गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे, त्यातला मातृमंदिराचा सोनेरी गोल दुरून पाहता येतो. आतल्या ध्यानकक्षासाठी मात्र आधी नाव नोंदवावे लागते. ज्यांना त्या विचारात रस आहे त्यांनी निवांत जावे. नुसता गोल पाहून फोटो काढायचा असेल तर सोमवारची सकाळ त्यात घालवू नका, असे आमचे मत. त्याऐवजी पहाटे सगळ्यांनी मिळून सूर्योदय पाहा, न्याहारीला बेकरीतले ताजे पाव आणि फिल्टर कॉफी घ्या आणि नऊला निघून वाटेत महाबलीपुरम् करा. समुद्रकाठचे पल्लवांचे देऊळ आठव्या शतकातले आहे, सपाटीवर आहे, सासूबाईंनाही जमेल. संध्याकाळचे विमान सातच्या पुढचे घ्या. जोडसुट्टीच्या शेवटच्या दिवशी चेन्नईत शिरणारा रस्ता मुंगीच्या पावलांनी सरकतो.

खोल्या आणि विमान यांचे पैसे एकदम भरण्यापूर्वी रजेचा अर्ज मंजूर करून घ्या, आणि सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, सामानाच्या पेटीत नको.