ट्रॅक्टर वॉरंटीत आहे, पण उभा आहे : जीएसटी कमी झाला, दुरुस्तीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब, हायड्रॉलिक पंप आणि इतर अनेक सुटे भाग तर १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आले. दिवाळीच्या तोंडावर शोरूमबाहेर फलक लागले, नव्या ट्रॅक्टरला हार घातले गेले. चांगलंच झालं. पण ही स्वस्ताई खरेदीच्या दिवशी मिळते. बंद पडण्याच्या दिवशी काय मिळतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला जीएसटीच्या दराने काही फरक पडत नाही.

लासूर स्टेशनचंच उदाहरण घेऊ. मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या रेल्वेमार्गावरचं, गंगापूर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. कांदा, कापूस, मका यांची मोठी उलाढाल इथे होते आणि गंगापूरसोबत वैजापूर, कन्नडच्या बाजूची गावंही या पेठेशी जोडलेली आहेत. आता कल्पना करा, मका निघालाय, रान मोकळं झालंय, कांद्यासाठी जमीन तयार करायचीय. वाफसा आलाय. आणि नेमकी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट उचलत नाही. ट्रॅक्टर दीड वर्षाचा, म्हणजे वॉरंटीत. गावातला मिस्त्री म्हणतो, "मी खोलून बघतो, पण उद्या कंपनीने वॉरंटी नाकारली तर माझ्या नावाने बोंब मारू नका." म्हणून शेतकरी अधिकृत डीलरला फोन लावतो. तिथून उत्तर येतं, "माणूस पाठवतो." माणूस कधी येणार, हे मात्र वॉरंटीच्या पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नसतं.

सगळी गोम इथेच आहे. वॉरंटी म्हणजे 'बिघडलेला भाग बदलून देऊ' हे वचन. किती दिवसांत, हे त्या वचनात नाही. पुस्तिकेत वर्षं असतात आणि इंजिनचे तास असतात, जे आधी संपेल ते. वाफशाचे दिवस कुठेच मोजलेले नसतात. गंमत बघा, ट्रॅक्टर उभा राहिला की तासांचं मीटर थांबतं, पण कॅलेंडर थांबत नाही. पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये गेले तर ते तुमच्याच वॉरंटीतून गेले. बदललेल्या भागालाही साधारणपणे मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो, नवा नाही.

मग डीलर मुद्दाम उशीर करतो का? दर वेळी नाही. वॉरंटीचं काम आतून कसं चालतं, ते बघितलं तर उशीर कुठून येतो ते कळतं. डीलर काम करतो, जॉबकार्ड भरतो, बिघडलेला भाग जपून ठेवतो आणि कंपनीकडे दावा पाठवतो. दावा मंजूर झाला तर कंपनी त्याला भागाचे आणि ठरलेल्या दराने मजुरीचे पैसे देते. नामंजूर झाला तर भुर्दंड डीलरच्या डोक्यावर. त्यामुळे महागड्या भागाला हात लावण्याआधी तो कंपनीच्या माणसाच्या होकाराची वाट बघतो. त्यात त्याच्याकडे मेकॅनिक मोजके आणि हंगामात सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदमच बिघडतात. शिवाय वॉरंटीचं काम आणि रोखीचं काम एकाच वेळी दारात आलं तर कोणतं आधी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी अडचण जबाबदारीच्या वाटणीची. ट्रॅक्टरवर नाव एका कंपनीचं असलं तरी बॅटरी, टायर, डिझेल पंप, स्टार्टर, अल्टरनेटर हे बहुतेक वेळा दुसऱ्या कंपन्यांचे असतात आणि त्यांची वॉरंटी त्या त्या कंपनीकडे मागावी लागते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, रबरी भाग हे झिजणारे म्हणून बाहेरच ठेवलेले असतात. 'सहा वर्षांची वॉरंटी' अशी जाहिरात दिसली तर खालची बारीक अक्षरं जरूर वाचा. पूर्ण ट्रॅक्टरला पहिली दोन वर्षं आणि पुढची चार फक्त इंजिन-गिअरबॉक्सच्या ठरावीक भागांना, अशी ती असू शकते. ठरलेल्या तासांवरची सर्व्हिसिंग चुकवली असेल तर दावा नाकारायला एवढं कारण पुरतं.

अवजारांचं तर आणखी अवघड. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, पेरणी यंत्र अशा वस्तू अनेक लहान-मोठे कारखाने बनवतात आणि त्यातल्या बऱ्याच महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानातून घेतल्या जातात. अर्जासोबत दरपत्रक लागतं, मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत अशा चाचण्या होतात. यंत्र कसं चालतं, हे त्या अहवालातून कळतं. पण गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं तर ते तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते अनुदान देणाऱ्या सरकारच्या हातात सगळ्यात सोपा उपाय हाच आहे. सुटे भाग ठेवण्याची आणि ठरावीक दिवसांत दुरुस्तीची लेखी हमी जो देईल, त्याच्याच यंत्राला अनुदान. पैसा सरकारचा, म्हणजे अटही सरकार घालू शकतं.

केंद्राने या विषयाला हात घातलाच नाही, असं नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली : शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, याचं पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुट्या भागांची आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे एकत्र द्यावी, ही कल्पना. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे, हे गुणांत सांगणाऱ्या निर्देशांकासाठी दुसरी समिती आली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. पण तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी. मोबाइल चार दिवस बंद राहिला तर चिडचिड होते. ट्रॅक्टर वाफशाच्या चार दिवसांत बंद राहिला तर पेरणी चुकते. यादीत दोघांची नावं होती, पुढे एकच सरकला.

शेतीची यंत्रं मागे राहणं आता जास्त महागात पडेल, कारण ट्रॅक्टर बदलतोय. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यासाठी इंजिनात डिझेल किती आणि कधी जावं, हे सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. आपल्याकडे जास्त चालणारे ३० ते ५० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर अजून बऱ्याच अंशी यांत्रिक पंपाचे आहेत. लासूरच्या मिस्त्रीला ते आवाजावरून ओळखता येतात. नव्या इंजिनात मात्र आवाज ऐकून भागत नाही. बिघाडाचा कोड वाचायला कंपनीचं यंत्र आणि सॉफ्टवेअर लागतं, काही वेळा नवा भाग बसवल्यावर त्याची नोंदही त्या सॉफ्टवेअरनेच करावी लागते. ते फक्त अधिकृत डीलरकडे असेल तर वॉरंटी संपल्यावरही गावातला पर्याय उरत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच भांडण सुरू आहे. जॉन डिअर या कंपनीचं बिघाड शोधण्याचं पूर्ण क्षमतेचं सॉफ्टवेअर फक्त तिच्या डीलरना मिळतं, त्यामुळे शेतकऱ्यांना जास्त पैसे आणि हंगामातला वेळ मोजावा लागतो, असा आरोप करत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आहेत. त्याआधी २०२३ मध्ये कोलोराडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. कंपनीने भाग, पुस्तिका आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला व बाहेरच्या मेकॅनिकलाही रास्त अटींवर द्यावं, असं तो सांगतो.

आपल्याकडेही पायवाट पडलेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देणं, हा ठपका होता. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं. पण गाडी एकदा घेतली की मालक त्या कंपनीच्या भागांना बांधला जातो, हा आयोगाचा युक्तिवाद ट्रॅक्टरलाही जसाच्या तसा लागू पडतो.

कायदा होईल तेव्हा होईल. आज ट्रॅक्टर उभा असेल तर काय?

फोनवर बोलणं झालं तरी लगेच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर डीलरला लिहा : तारीख, मीटरवरचे तास, काय बिघडलं. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, कारण डीलरच्या वहीतली तक्रार कंपनीला दिसेलच असं नाही. ट्रॅक्टर वर्कशॉपला दिला तर जॉबकार्डची प्रत मागा आणि त्यावर आत गेल्याची व बाहेर आल्याची तारीख दोन्ही आहेत का, ते बघा. लोक इथेच चुकतात. ट्रॅक्टर मिळाल्याच्या आनंदात कागद राहून जातो आणि पुढे किती दिवस वाया गेले, हे सिद्ध करता येत नाही. त्या दिवसांत भाड्याने ट्रॅक्टर लावला असेल तर त्याची पावतीही ठेवा.

यातून सुटलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी लासूरच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे जायची गरज नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची.

एक मुद्दा आधीच माहीत असू द्या. तुम्ही ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात भाड्यानेही चालवत असाल तर समोरचा वकील हमखास म्हणेल, "हा व्यावसायिक वापर आहे, हे ग्राहकच नाहीत." स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरू नये, असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. एका ट्रॅक्टरवर स्वतः बसणाऱ्याला त्याचा आधार मिळतो. पाच ट्रॅक्टर आणि पाच ड्रायव्हर ठेवलेल्याला तो मिळणं कठीण. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 'हा ट्रॅक्टर मी स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी घेतला आहे' हे वाक्य खरं असेल तर लिहा, आणि सोबत सातबारा जोडा.