सासवण्याचे शिल्पकार

शिरढोण हे गाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु येथून पेण-वडखळमार्गे अलिबागकडे वळणाऱ्या आम्हां गावकऱ्यांस आपल्याच जिल्ह्यातील सासवणे या गावी जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे स्मरण होते, कारण देशासाठी घरदार त्यागणारा पुरुष जितका वंद्य, तितकाच घराच्या ओटीवर शिकलेली कला जन्मभर निष्ठेने जोपासणारा कारागीरही वंद्य होय. गणेशमूर्ती घडविणाऱ्या घराण्यातील या मुलाने देवळाच्या भिंतीवर रेखाटलेले शिवरायांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्या गुणग्राही अंमलदाराच्या शिफारशीने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे द्वार त्यास खुले झाले. पुढे कलकत्ता आणि लंडन येथे वास्तव्य घडले, १९२८ साली पुण्यात त्यांच्या हातचा शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तथापि कीर्तीने त्यांस गावापासून तोडले नाही. सासवण्याच्या घरी त्यांनी साध्या सिमेंटातून आप्तस्वकीय, कोळीण, दावणीची म्हैस अशी नित्य परिचयाची रूपे साकारली, आणि ती म्हैस इतकी सजीव उतरली आहे की पाहणाऱ्याचा हात आपसूक तिच्या पाठीकडे जातो. त्यांच्या पश्चात सुनेने हा ठेवा मायेने सांभाळला. कारागिराचे खरे वतन ते हेच, आणि त्याची राखण करणे हे आम्हां जिल्हावासीयांचेही कर्तव्य आहे.