पाचटाला काडी लावण्याआधी एवढं वाचा



ऊस तुटून गेला की शिवारात धूर दिसतोच. "पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात," असं बरेच जण म्हणतात. अडचण खरी आहे, पण काडी लावणं हा सगळ्यात महाग उपाय आहे.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. जाळलं की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुरात जातो. मग तोच नत्र आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. बांधावरची झाडं होरपळतात, शेजाऱ्याचं ठिबक जळतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, मग पाणी द्या. पाणी अडत असेल तर एक सरी आड पाचट ठेवा. ओल टिकते, तणही कमी होतं.

सगळं रान जमत नसेल तर यंदा निदान अर्धा एकर ठेवून बघा. खोडवा कसा येतो ते तुम्हीच सांगा.