वॉलरसची जीभ आणि शिकाऱ्याची साक्ष

उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी समाजांचे कच्चे आणि आंबवलेले मांस म्हणजे निव्वळ अडाणीपणा, सरकारने ते बंद करावे आणि लोकांनी दुकानातले अन्न खावे, असे मत अनेक सुशिक्षित माणसे बेधडक मांडतात. हे मत टिकणारे नाही. ते खोडून काढायला पशुवैद्यक आणि आरोग्यशास्त्रच पुरेसे आहे.

आधी बॉट्युलिझमची विषबाधा घेऊ. अलास्कात माशांची डोकी आणि सीलचे मांस थंड जमिनीत खड्डा खणून, त्यात गवत अंथरून आंबवत. पुढे प्लॅस्टिकच्या बादल्या आणि काचेच्या बरण्या आल्या आणि त्या घरात उबेला ठेवल्या जाऊ लागल्या. झाकणबंद भांड्यात हवा खेळत नाही, उबेत जंतू झपाट्याने वाढतात आणि विष तयार होते. जुनी पद्धतही पूर्ण निर्धोक नव्हती, पण धोका वाढवला तो या नव्या भांड्यांनी. म्हणूनच तिथले आरोग्य अधिकारी प्लॅस्टिक आणि काच टाळून जुन्याच पद्धतीने आंबवायला सांगतात.

मांस गोठवले की कृमी मरतात, हा नियमही असाच बाहेरून आलेला. डुकराच्या मांसाला तो लागू पडतो: उणे 15 अंशांत 20 दिवस ठेवले की ट्रिकिनेलाच्या अळ्या मरतात. पण ध्रुवप्रदेशातली ट्रिकिनेला नेटिव्हा ही जात गोठलेल्या मांसातही दीर्घकाळ जिवंत राहते. दक्षिणेकडच्या शहरांतला नियम तिथे जसाच्या तसा लावणे घातक आहे.

म्हणून पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांचीही बाजू घेता येत नाही. या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि धडधाकट वॉलरसच्या मांसातही त्या असू शकतात. 2016 आणि 2017 मध्ये अलास्कात कच्चे किंवा अर्धेकच्चे वॉलरसचे मांस खाऊन 10 जण आजारी पडले. कितीही मुरलेला शिकारी असो, इथे सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

मग करायचे काय? कॅनडातल्या क्युबेकच्या उत्तरेकडील नुनाविकमधल्या इन्युइटांनी त्याचे उत्तर कृतीतून दिले आहे. शिकारी मारलेल्या वॉलरसची जीभ प्रयोगशाळेत पाठवतात आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाहीत. अळ्या सापडल्या तर मांस नष्ट होते. न सापडल्यास ते परंपरेप्रमाणे खायला मोकळीक असते. खाणे कोणाचेच हिरावले जात नाही.

शिकारीही शास्त्राला तितकेच देतात. कॅनडाच्याच उत्तरेकडील व्हिक्टोरिया बेटावर मस्कऑक्स हे केसाळ रवंथ करणारे प्राणी कमी होत आहेत, पिल्ले घटली आहेत, आजार आणि मृत्यू वाढले आहेत, हे त्या बेटावरच्या केंब्रिज बे वस्तीतल्या शिकाऱ्यांनी सांगितले. पशुवैद्य माटिल्दे तोमासेल्ली आणि सहकाऱ्यांनी ती माहिती पद्धतशीर नोंदवून 2018 मध्ये प्रसिद्ध केली. विमानातून होणाऱ्या मोजण्यांत वर्षांचे अंतर असते. शिकारी मात्र हंगामामागून हंगाम जनावर स्वतः फाडून त्याची चरबी, यकृत, सांधे पाहतो.

ही साक्ष 'ऐकीव' म्हणून बाजूला सारू नये. वन्यजीवांच्या आजारांच्या सरकारी दफ्तरात तिला पुरावा म्हणून जागा द्यावी, आणि तपासणीच्या प्रयोगशाळा शिकारी वस्त्यांच्या जवळ उभारून त्यांना कायमचा निधी द्यावा.