चिपटे की मापटे

गेल्या मंगळवारी शब्दकोड्यात आडवा नऊ अडला. 'पाव शेराचे माप', घरं तीन. मधल्या घरात 'प' आधीच येऊन बसला होता, तो 'कपट'मधून. शेवटच्या घरात 'टे', कारण कचेरीत घालायचे ते 'खेटे' मला लगेच सुचले होते. म्हणजे पायली बाद, निळवे आणि कोळवेही बाद. उरले चिपटे आणि मापटे. दोन्ही शब्द कानावरून गेलेले, दोन्ही धान्याच्या मापाचे, आणि दोन्हींची शेवटची दोन अक्षरं एकच. पहिल्या घरातून एकही उभा शब्द जात नव्हता. पेन्सिल हातात धरून मी बसून राहिले.

शेवटी मोठ्यानं वाचलं, तर स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "चिपटं. चिपटं पाव शेराचं, मापटं अर्ध्या शेराचं. रोज हातात तर धरतेस की गं!"

तांदळाच्या डब्यात पितळेचं एक छोटं भांडं असतं. कडेला जाड तार, एका अंगाला पोचा. आई ते कोकणातल्या घरून येताना सोबत घेऊन आली. मी त्याला नुसतं 'तांदळाचं माप' म्हणत आले. तेच चिपटं.

सकाळचा पहिला चहा आणि शब्दकोडं ही माझी अठरा वर्षांची सवय आहे. आधी आडवे शब्द एका दमात वाचून काढायचे, येतील तेवढे भरायचे, मग उभ्यांकडे वळायचं. पेन्सिलच लागते, कारण पेनानं लिहिलेला चुकीचा शब्द खोडला तरी डोळ्यांपुढून जात नाही आणि बरोबर शब्दाला जागा देत नाही.

कोड्याचा हा प्रकार जन्मला अमेरिकेत. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पहिलं कोडं छापलं. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांतच नावातले दोन शब्द उलटे झाले आणि 'क्रॉसवर्ड' हेच रूढ झालं. मराठीत आल्यावर मात्र कोड्याचा स्वभावच बदलला, आणि मला जिव्हाळा आहे तो या बदललेल्या कोड्याबद्दल.

इंग्रजी कोड्यात एका घरात एकच लिपिचिन्ह बसतं, आणि अशी चिन्हं सगळी मिळून २६. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच घरात. म्हणजे आडव्या शब्दात 'ठि' आला, तर त्याला छेदणारा उभा शब्दही 'ठि' असलेलाच शोधावा लागतो. 'ठ' चालत नाही, 'ठा' चालत नाही. म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त आणि शब्द दोन, तीन, चार अक्षरांचे. हे जाळं रोजच्या रोज विणणाऱ्या माणसाचं नाव अनेकदा छापलंही जात नाही. ते छापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि घरात अख्खं अक्षर लिहायचं म्हटलं की वेलांटीलाही वजन येतं. 'अनल' म्हणजे अग्नी आणि 'अनिल' म्हणजे वारा. तीन घरं, पैकी दोन सारखी. विस्तव की वारा, हे ठरवायला मधल्या घरातली एवढीशी वेलांटी. आत्माराम रावजी देशपांडे यांनी कवितेसाठी 'अनिल' हे नाव घेतलं, ते वाऱ्याचं. शाळेत कवीचं खरं नाव आणि टोपणनाव अशा जोड्या लावून मी मार्क मिळवले होते, पण त्या नावाचा अर्थ कळला तो कोड्यातल्या एका घरामुळे. 'थोरला भाऊ', घरं तीन, उत्तर 'अग्रज', हेही तसंच. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला. मग कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, आणि वि. वा. शिरवाडकरांच्या बहिणीचं नाव खरोखरच कुसुम होतं. दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण ज्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो, त्यांच्या नावात एक धाकटी बहीण आहे.

एकदा 'हात' असा शब्द दिला होता, घरं दोन. 'कर' लिहिलं, पण उभ्या 'पाटी'नं पहिल्या घरात 'पा' आणून ठेवला. दिवसभर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर पाहिलं तर 'पाणी'. छापण्यात चूक झाली असं समजून मी बाबांच्या कपाटातले दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. चूक नव्हती. संस्कृतात 'पाणि' म्हणजे हात. मराठीच्या लेखननियमांप्रमाणे शेवटची वेलांटी दीर्घ होते, म्हणून हा हात दिसायला पिण्याच्या पाण्यासारखाच. चक्रपाणी म्हणजे ज्याच्या हातात चक्र आहे तो विष्णू, शूलपाणी म्हणजे शंकर. आणि पाणिग्रहण म्हणजे हात हाती घेणं. कन्यादानाच्या वेळी हातांवर पाण्याची धार सोडतात ती पाहून मी लहानपणापासून पाणिग्रहणाचा संबंध त्या धारेशी जोडला होता. माझ्या स्वतःच्या लग्नातही तोच अर्थ मनात होता.

सगळ्याच कोड्यांतून असं काही मिळतं असं नाही. 'एक हिंदी चित्रपट', 'एका देशाची राजधानी' असले शब्द मी भरते आणि विसरते. जो शब्द घरातल्या माणसाला विचारावा लागतो किंवा ज्याच्यासाठी कोश उघडावा लागतो, तोच माझ्यापाशी राहतो. मुलांना मी हेच सांगते, की फोनवर लगेच उत्तर शोधू नका, आधी आजीला विचारा.

तर ते चिपटं. कोडं पुरं झालं तरी आई थांबली नव्हती. तिनं डबा पुढ्यात ओढला, परातीत कागद घातला आणि चिपटं तांदळात बुडवून वर काढलं. तळहात कडेवरून फिरवून वरचे तांदूळ पाडले. "हे झालं सपाट." मग पुन्हा बुडवलं आणि या वेळी हात न फिरवता वरून मुठीनं तांदूळ सोडत राहिली. कडेच्या वर एक टोकदार रास उभी राहिली. "आणि ही शीग. जमिनीचा खंड घ्यायला यायचे ते शीग लावून मोजून न्यायचे. आमच्या आजीला मजुरीचे तांदूळ द्यायची वेळ आली की वरून हात फिरवायचे. चिपटं तेच हं!"

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी तिच्या आजीला पाहिलेलं नाही. पण तो फिरणारा तळहात मला दिसला, आणि त्याच्याखालून खाली पडलेले तांदूळही दिसले.

रात्री मोल्सवर्थचा शब्दकोश उघडला. १८५७ची ती मराठी-इंग्रजी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहे, त्यामुळे आता फोनवरही वाचता येते. शीग म्हणजे मापाच्या कडेवर चढलेली धान्याची निमुळती रास, आईनं दाखवली तीच. म्हणजे 'उत्सुकता शिगेला पोहोचली' हे मी याच सदरात कितीदा तरी लिहिलं, ते डोंगराचं शिखर मनात धरून. त्यात डोंगर नव्हताच. धान्याचं माप होतं.

दुसऱ्या दिवशी भात टाकताना मी स्वतः शीग लावून पाहिली. मूठ हळूहळू सैल करायची. दाणे आधी मधोमध बसतात, मग चहूबाजूंनी उतार धरतात. टोक येतं, आणखी थोडं वर चढतं. मग एक वेळ अशी येते की वरून सोडलेला एकेक दाणा टोकाला टेकतो आणि तसाच घरंगळत परातीत जातो. आई शेजारी उभी राहून बघत होती. "आता पुरे," ती म्हणाली, "आता ते भरलं."